बेटावरची पंगत

माणसाचं नाव कशाने होईल हे सांगता येत नाही. मी सातारच्या एका हायस्कुलात पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवतो आहे, पण जिल्ह्यात लोक मला ओळखतात ते पंगतींमुळे. लग्नात हजारभर माणूस एकदम जेवायला उठलं की घरचे सैरभैर होतात. मला नेमका त्याच वेळी कंठ फुटतो. रुसलेल्या जावयाला कुठल्या रांगेत बसवायचं, आमटी संपत आली की वाढप्यांनी कुठं रेंगाळायचं, पानावरून न उठणाऱ्या मंडळींना उठवायला पाणी कुठल्या टोकाकडून सांडायचं, ही सगळी विद्या मला अवगत आहे. आमच्या भाचीच्या, शिवांजलीच्या लग्नात कऱ्हाडला मी दोन हजार माणसं भांडण न होता जेवू घातली. भांडण झालं ते नंतर, फोटोत पुढं कोणी उभं राहायचं यावरून. ते खातं माझ्याकडे नव्हतं.

त्या लग्नाला शिवांजलीची मैत्रीण क्रांती आली होती. ती वनखात्यात अधिकारी. दुसऱ्या पंगतीला बसून तिने म्हणे जिलबी सोडून माझ्याकडेच लक्ष दिलं. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"सर, म्हसवडच्या पुढं कोकरेवाडीचा तलाव आहे. तलावात बेट आहे, बेटावर पक्ष्यांची घरटी आहेत, आणि तिथं माणसं फार येतात. तुम्ही गर्दी छान हलवता. आम्हाला अभ्यागत व्यवस्थापनाचा आराखडा करून द्याल?"

'अभ्यागत' हा शब्द ऐकूनच माझी छाती दोन इंच फुगली. मी तत्काळ हो म्हणालो. तसंही मला कुणाला नाही म्हणता येत नाही. आमच्या घराण्यात तो गुण समजतात. माझी बायको संयोगिता त्याला आजार समजते.

"अहो, पाहुणा चप्पल घालायला लागला की तुमच्या डोळ्यांत पाणी येतं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुम्ही लोकांना परत पाठवणार? तुम्ही त्यांना मुक्कामाला ठेवून घ्याल."

थोरामोठ्यांचा उपहास घरातूनच सुरू होतो, असा इतिहास आहे.

बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. ही व्याख्या मी हजारो मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतली आहे. प्रत्यक्ष बेट मात्र त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं आणि लक्षात आलं की व्याख्येत काहीच आलेलं नाही. मैलोन् मैल कुसळांचा माळ, मेंढरांच्या वाटा, तोंडात येणारी धूळ, आणि अचानक समोर निळं पाणी. पाण्याच्या मध्यावर बाभळींनी भरलेला एक उंचवटा. फेब्रुवारीत बाभळींना एवढी पांढरी फुलं कशी, असं मी तानाजीला विचारलं. तानाजी कोकरे म्हणजे तिथला होडीवाला. त्याने वल्हं उचलून धरलं आणि म्हणाला, "फुलं न्हाईत सर. ढोक हायेत ते. जरा गप बसा, दिसत्याल."

होडी थोडी पुढं सरकली आणि ती फुलं हलली. प्रत्येक फांदीवर घरटं, प्रत्येक घरट्यात कमरेएवढा उंच पक्षी. पिवळी लांब चोच, शेंदरी तोंड, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी, आणि शेपटीजवळ असा गुलाबी रंग की जणू कुणी नुकतंच गुलाल झटकून आलंय. खात्याच्या भाषेत चित्रबलाक. घरट्यांतून पिल्लांचा गलका चालला होता आणि मोठे पक्षी चोची वाजवत होते. शेकडो चोचींचा तो टकटकाट पाण्यावरून आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला काहीतरी बोलायचं होतं. वर्गात मी सलग पस्तीस मिनिटं बोलू शकतो, पण त्या होडीत मला शब्द सुचला नाही. वासही जबरदस्त होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण देवळातही धुराने डोळे चुरचुरतातच.

काठावर परतलो तर क्रांती मॅडम वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन बसली होती. ती तानाजीची आत्या, बनाबाई. बेटाच्या टोकावर बिरोबाचं ठाणं आहे, आणि दर रविवारी तिथं दिवा लावायचा मान तिच्या घराचा.

"गेल्या वर्षी कुणीतरी रील टाकली," मॅडम म्हणाल्या. "तेव्हापासून सांगली, सातारा, फलटण, सगळीकडून गाड्या येतात. बेटावर वाढदिवस काय, स्पीकर काय. माणूस झाडाखाली गेला की पक्षी उठतात. ते उठले की पिल्लं उन्हात भाजतात आणि अंडी घारी नेतात. निम्मी घरटी गेली गेल्या वर्षी. आता वरून स्पष्ट सांगितलंय. या हंगामात गर्दीमुळे पक्षी उठले, तर बेट कायमचं बंद. सगळ्यांना."

"समद्यास्नी म्हंजे?" बनाबाईने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हालाही, आजी."

बनाबाईने बाटलीचं बूच घट्ट केलं. "माजी सासू लावायची, तिची सासू लावायची," ती म्हणाली. "आता म्या काय सांगू देवाला? तुजा दिवा सरकारनं इजवला म्हनून सांगू?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला मध्ये पडावं लागलं. "बनाबाई," मी म्हणालो, "दिवा बंद होणार नाही. शब्द आहे माझा." हा शब्द कुठल्या अधिकाराने दिला ते मला आजतागायत ठाऊक नाही. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी भरलेल्या पंगतीत आणखी शंभर माणसं बोलावली.

सातारला आलो तर बातमी सोसायटीत आधीच पोचली होती. आमच्या वरच्या मजल्यावर सुभेदार आप्पासो राहतात. सैन्यातून निवृत्त झाले, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "गड्या, पब्लिकला डिसिप्लिन पायजे," ते म्हणाले. "काठावर एक दोरी, दोरीमागं एक काठी, काठीमागं मी. बघतो कोन पुढं येतंय." तळमजल्यावरच्यांनी सुचवलं की बेटावर जायच्या आधी लेखी परीक्षा घ्यावी. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी बेटच काठाजवळ आणता येईल का, असं विचारलं. भूगोलाचा शिक्षक म्हणून मी ते फार मनाला लावून घेतलं.

मग खाती सुरू झाली. 'जास्त गर्दी करू नये' एवढा एक फलक लावायचा होता. तेव्हा कळलं की पाणी एका खात्याचं, बेट दुसऱ्याचं, काठ ग्रामपंचायतीचा, मासे ठेकेदाराचे आणि रस्त्यावरची धूळ कुणाचीच नाही. फलकाचा एक खांब काठावर आणि एक पाण्यात येत होता, म्हणून दोन परवानग्या. पाण्यातल्या खांबाची परवानगी देणारे साहेब म्हणाले, "आधी काठावरची आणा." काठावरचे म्हणाले, "अहो, खांब एकट्याने कसा उभा राहील? आधी पाण्यातल्याचं बघा." शेवटी दोन्ही खांब काठावर घेतले, तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली की फलकावर मान्यवरांचे फोटो हवेत. फलक तयार होऊन आला त्यात बावीस मान्यवर हसत नमस्कार करत होते, खाली 'गर्दी करू नये', आणि कोपऱ्यात एक पक्षी. तोही हंस होता. तालुक्यात आजवर कुणी हंस पाहिलेला नाही, त्यामुळे कुणाची तक्रार आली नाही.

माझा आराखडा मात्र निर्दोष होता. आजही म्हणेन. एका वेळी वीस माणसं, एकच होडी, बेटावर पाय ठेवायचा नाही, दोरीने आखलेल्या अंतरावरून फेरी मारून परत. पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. प्रत्येक पंगतीला वेगळ्या रंगाचं टोकन. थांबलेल्यांसाठी काठावर मांडव. इथंच माझा घात झाला.

मांडव घातला म्हटल्यावर माणूस नुसता बसवायचा कसा? मी चहा सांगितला. चहा आहे तर पोहे हवेत. सांगलीहून माणसं येणार, ती नुसत्या पोह्यांवर परत पाठवणं मला बरं दिसेना, म्हणून पिठलं-भाकरी आणि ठेचा. गोड म्हणून शिरा. मग तालुक्यातले एक पुढारी म्हणाले, एवढं करताय तर उद्घाटन करू. उद्घाटनाची पत्रिका छापली. गर्दी कमी करण्याच्या योजनेच्या उद्घाटनाला बहुसंख्येने उपस्थित राहावे, असं तिच्यात आग्रहाचं निमंत्रण होतं, आणि खाली टीप होती, 'भोजनाची व्यवस्था केली आहे.' मसुदा मीच लिहिला होता. मॅडमनी पत्रिका वाचली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

रविवारी माळावरून टेम्पो, ट्रॅक्टर, जीपगाड्या येतच राहिल्या. तलावाने एवढी माणसं बांधकामानंतर पाहिली नसतील. पहिली पंगत सुरेख गेली. वीस माणसं गेली, थक्क होऊन परत आली, आणि येताच आपल्या सगळ्या पाहुण्यांना फोन करत सुटली. दुसऱ्या होडीत वीस आणि 'दोन लहान' बसले. त्यातलं एक लहान माझ्या खांद्याला लागत होतं. काठावर मी माझे खास लग्नातले वाढपी नेमले होते. वाढप्याला एकच गोष्ट येते, आग्रह. एक म्हातारबा स्वतःहून म्हणत होते, "ऱ्हाऊ दे, गर्दी हाय, म्या हितनंच बघतो." तर माझा माणूस त्यांचा हात धरून म्हणतो, "आवं असं कसं? एवढ्या लांबनं आलाय, बसा की. सरका रं जरा." सुभेदार आप्पासो दोरीमागं काठी घेऊन उभे होते खरे, पण त्यांच्या पलटणीतला जुना सोबती भेटला. त्या दोघांना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तिसऱ्या होडीत बसताना मी या डोळ्यांनी पाहिलं.

ऊन चढलं. मांडवात पिठलं संपलं म्हणून लोक पाण्याकडे सरकले. दोरी कुठं गेली कळलं नाही. तेवढ्यात पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. ढोलवाल्यांनी ढोल गळ्यात अडकवले, पिवळा भंडारा मुठीत घेतला, आणि एकजण काठालगत फटाक्यांची लांबलचक माळ पसरून उदबत्ती पेटवू लागला.

क्रांती मॅडम धावत आल्या. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली. "सर, तीन-चार उठलेत. आता ढोल वाजला तर सगळे उठणार. माइक तुमच्याकडे आहे. बोला काहीतरी. परत पाठवा सगळ्यांना."

बनाबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, हातात तेलाची बाटली. ती माझ्याकडेच बघत होती. मला ती नजर चुकवायची होती म्हणून मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

भर दुपारचं ऊन होतं. प्रत्येक घरट्याच्या काठावर एकेक ढोक उन्हाकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे उघडून उभा होता, आणि त्या पंखांच्या सावलीत मळक्या लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं माना टाकून बसली होती. झाडभर तेच. एक पक्षी तलावावरून आला, घरट्यात उतरला, आणि त्याने चोच उघडून आणलेलं पाणी पिल्लांवर धरलं. मग तो सावलीला उभा राहिला आणि आधीचा निघून गेला. कुणी त्यांना टोकन दिलं नव्हतं. ऊन थोडं कललं की उभं राहणारा थोडा सरकायचा, आणि त्याची सावली पिल्लांवरून ढळायची नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या मुकाट्याने चालली होती, आणि मी तिच्या दारात दोन हजार माणसं शिऱ्याला बोलावली होती.

मी माइक तोंडाशी नेला. "मंडळी, परत जा," एवढंच म्हणायचं होतं. ओठ तसे वळेचनात. घराण्याची पुण्याई आडवी आली. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. आमच्या घरी बहिणी माहेरपणाला आल्या की माझी आई उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जे सांगायची, ते निघालं.

"हळू बोला," मी म्हणालो. "आत बाळंतिणी आहेत."

कर्ण्यातून ते वाक्य माळभर गेलं. पुढच्या बायका थबकल्या. एकीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बेटाकडे पाहिलं. मग ती ढोलवाल्यांकडे वळली. "आरं, ऐकू आलं न्हाई व्हय? ठेवा ते खाली." ढोल खाली आले. उदबत्तीवाल्याने उदबत्ती पाण्यात विझवली आणि माळ गुंडाळायला घेतली. हे सगळं इतकं लवकर झालं की मला माझ्या वाक्याचा अर्थ समजायच्या आधी लोकांना समजला होता.

"किती हायेत?" कुणीतरी हळूच विचारलं.

"चारशेच्या वर घरटी आहेत," मॅडमनी तितकंच हळू सांगितलं.

"आगं बया. चारशे लेकी माहेरी आल्यात, आन् आमाला पत्त्याच न्हाई."

होडीतले लोक उतरून आले ते चपला हातात घेऊन. सुभेदार आप्पासोही त्यातच होते. पुढारी गाडीतून उतरले, सगळ्या गर्दीने तोंडावर बोट ठेवलेलं बघून बावरले, आणि कुणीतरी कानात सांगितल्यावर त्यांनीही बूट काढले. त्यांनी भाषण केलं, कारण भाषण न करणं त्यांना शक्य नव्हतं. पण माइक न घेता, पुढच्या दोन रांगांपुरतं, कुजबुजत. असं भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही. त्यात मुद्देही होते.

एवढ्यात बनाबाई पुढं आली. मला वाटलं, निघाली दिवा लावायला. तिचा तो हक्क, आणि तिला कुणी अडवलं नसतं. तानाजी होडी धरून उभा होता. ती पाण्यापर्यंत गेली, बेटाकडे बघत राहिली, आणि खाली बसली.

"आत्ती, बस की होडीत," तानाजी म्हणाला.

"कशी बसू? सोयर लागली न्हवं." ती त्याच्याकडे न बघता बोलली. "देवाच्याच घरात पोरं झाल्यात. सोयरीत दिवा लावत्यात व्हय?"

घरात मूल जन्मलं की सोयर लागते, आणि ती फिटेपर्यंत देवाला हात लावत नाहीत, हे लेकरालाही ठाऊक. पण देवालाच सोयर लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सुभेदार म्हणाले, सोयर बारा दिवसांची. मॅडम म्हणाल्या, पिल्लं उडायला दोन-अडीच महिने लागतील, आणि अजून रोज कुठल्या तरी घरट्यात अंडं फुटतंय. लोकांनी आपसात हिशेब केला आणि निष्कर्ष निघाला की एक सोयर फिटायच्या आत दुसरी लागणार. तेव्हा शेवटचं पिल्लू उडेपर्यंत देव अडकला.

"मग ऱ्हाऊ दे तवर," बनाबाई म्हणाली. बाटली तिने मांडीत धरली होती. तिच्या आयुष्यात तो दिवा असा कधी राहिला नव्हता. ज्यासाठी मी शब्द देऊन बसलो होतो तो दिवा तिने स्वतःच बंद केला, आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना. तानाजीने होडी ओढून काठावर घेतली आणि पालथी घातली. देवाचा दिवाच जात नाही म्हटल्यावर सांगलीचा पाहुणा कुठल्या तोंडाने जाणार?

त्यानंतर बेटावर कुणी गेलं नाही. लोक येत राहिले, पण काठावर बसून बघत, हळू आवाजात. बायका येताना डिंकाचे लाडू आणि टोपडी घेऊन येऊ लागल्या. टोपडी शेजारच्या अंगणवाडीत दिली. लाडवांचं काय करायचं याबद्दल खात्यात नियम नव्हता, म्हणून मॅडमच्या कार्यालयाने वर विचारणा केली. उत्तर यायच्या आत कर्मचाऱ्यांनी लाडू संपवले. माझा आराखडा मात्र शेरा मारून परत आला. 'बेटावर अभ्यागतच नसल्याने अभ्यागत व्यवस्थापनाची आवश्यकता दिसून येत नाही.' संयोगिताने तो शेरा मोठ्याने दोनदा वाचला. मी जेवलो नाही असं नाही, पण कमी जेवलो.

तरी दर रविवारी मी काठावर जाऊन बसत होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि माझ्याकडे काही काम नव्हतं. चैत्रात पाणी उतरलं. पिल्लं आईबापाएवढी झाली, फांदीच्या टोकाशी येऊन पंख उघडू-मिटू लागली. आणि एका सकाळी त्यातली एकदम पंधरा-वीस उडाली. काठावरच्या आमच्या डोक्यांवरून, इतकी खाली की पंखांचा वारा लागला. कुणी ओरडलं नाही. माझ्या शेजारी बसलेले सुभेदार आप्पासो आपसूक उठून सावधानमध्ये उभे राहिले. त्यांना का उठलात असं विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण मीही उभा होतो.

शेवटचं घरटं रिकामं झालं तेव्हा क्रांती मॅडम स्वतः वाडीत आल्या. ते तीन-चार सोडले, तर हंगामात एकदाही पक्षी उठले नव्हते म्हटलं तर चालेल. बेट बंद होणार नव्हतं आणि दिवा चालू राहणार होता. त्या रविवारी तानाजीने होडी सुलटी केली. सगळी वाडी काठावर आली, पण होडीत फक्त बनाबाई चढली आणि वल्हंही तिनेच घेतलं. ती पलीकडे बाभळींत दिसेनाशी झाली आणि बराच वेळ आलीच नाही. आम्ही उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे होतो. शेवटी होडी परत लागली. ती सावकाश उतरली, बाटली रिकामी होती.

"दिवा लागला, आत्ती?" तानाजीने विचारलं.

"लागला की."

"आन् देव? धुतलास न्हवं? तीन म्हैनं झालं पानी न्हाई त्येला."

"देव कुठं दिसतोय?" बनाबाई म्हणाली. "डोक्यापास्नं पायापातुर पाखरांनी शिटलाय. काळा दगूड होता, पांढराफेक झालाय. म्या तांब्या भरून घेतला व्हता. घातला न्हाई."

"का गं?"

"घरात एवढी लेकरं झाल्यावर आज्याचं धोतर कोरडं ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली. "बसलाय खुशाल. मी कशाला पुसू?"

आणि पदर खोचून ती वाडीच्या वाटेला लागली.